पश्चिमेस गगनबावडा

शांतिनाथ मगदूम पाच महिने नुसतं ‘हं’ म्हणत होते.

गुळाच्या अडत दुकानात चाळीस वर्षं बसलेल्या माणसाचा तो ‘हं’ होता. ऐकणाऱ्याला त्यात होकार ऐकू यायचा आणि म्हणणाऱ्याच्या अंगाला काही चिकटायचं नाही. गुळाच्या व्यापाऱ्यांना ही मेख कळायला दोन-तीन हंगाम लागत. राजमतीबाईंना संसाराची अडतीस वर्षंही पुरली नाहीत, यात त्यांचा दोष एवढाच की नवऱ्याला त्या व्यापारी समजत नव्हत्या.

“फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणला जाऊया,” त्या म्हणाल्या, तेव्हा ‘हं’. “होडी सकाळी साडेसहाला निघती, म्हणजे आदल्या दिवशीच पोचाय पाहिजे,” त्यावर ‘हं’. “एक दिवस दिसला न्हाय तर दुसऱ्या दिवशी दिसंल, म्हणून तीन सकाळ धरल्यात,” त्यावरही ‘हं’, आणि वर भाकरीचा तुकडा.

दिसायचा होता तो देवमासा.

राजमतीबाईंनी कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवला. सातवीच्या वर्गाला त्या दरवर्षी एकदा पटांगणात न्यायच्या आणि चोवीस मुलींना हात पसरून, एकमेकींचे हात धरून एका ओळीत उभं करायच्या. “हा एक निळा देवमासा,” त्या सांगायच्या. “एवढा लांब. आणि मासा म्हणतात, पण मासा नाही. पिल्लाला दूध पाजतो, श्वास घ्यायला वर येतो.” उरलेल्या मुली त्या देवमाशाला प्रदक्षिणा घालायच्या, शेपटीकडची पोरगी उगाच पाय झाडायची, आणि मुख्याध्यापिका खिडकीतून बघून कपाळाला हात लावायच्या. एकतीस वर्षांत असे एकतीस देवमासे झाले. खरा एकही नाही. समुद्रसुद्धा त्यांनी दोनदाच पाहिलेला, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, आणि दोन्ही वेळा समुद्राकडं पाठ करून मुली मोजण्यात वेळ गेलेला.

निवृत्त झाल्यावर जायचं ठरलं होतं. पण त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पुढच्या वर्षी ऋषभचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी सून आदितीला दिवस गेले. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, त्यामुळं कोणावर चिडायची सोय नव्हती. गेल्या पाडव्याला मात्र श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून साफ करत शांतिनाथ आपणहून म्हणाले होते, “यंदा तुझा मासा बघून येऊया.”

“मासा न्हाय तो,” राजमतीबाई म्हणाल्या. पण इतक्या आनंदानं म्हणाल्या की आदितीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

ऑगस्टमध्ये क्रांतीचा फोन आला. गारगोटीची ही पोरगी शाळेच्या वसतिगृहात राहायची, पुढं लग्न होऊन मालवणला गेली आणि तिथं पर्यटकांसाठी चार खोल्या चालवू लागली. “बाई, ओळखलासा का? मी शेपूट हुतो!” ती ओरडली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘होतो’, ‘जातो’च म्हणतात, आणि मालवणात वीस वर्षं काढूनही क्रांतीचं ते सुटलं नव्हतं. तिचा दीर होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. डॉल्फिन काय, रोजचेच, ती म्हणाली. देवमासा मात्र नशिबाचा. “पण दीर म्हणतोय, समुद्र निवळला की फेब्रुवारीत पंधरा दिवस बरे. गेल्या साली तेवढ्यात तीनदा दिसला. आधी न्हाय, नंतर न्हाय.”

मग काय, राजमतीबाईंनी ते पंधरा दिवसच धरले. जैनाच्या घरचा प्रवास ठरवणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. कांदा-लसूण नको, बटाटा नको, दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून. क्रांतीनं कोरी भांडी घेतली, वेगळी शेगडी मांडली आणि मासळीचा वास खोलीत येऊ नये म्हणून मागच्या बाजूची खोली राखून ठेवली. शांतिनाथांचा नियम होता की भगवंतांचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. म्हणून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पहाटेचं दर्शन घेऊन निघायचं ठरलं, आणि मालवणच्या तीन सकाळींसाठी राजमतीबाईंनी तीर्थंकरांची तसबीर मऊ कापडात गुंडाळून ठेवली. म्हणजे बघा, आपल्या देवमाशाच्या वाटेवर त्यांनी नवऱ्याच्या प्रत्येक नियमाला आधी जागा करून दिली होती.

दिवाळीत शांतिनाथांनी त्यांना दुर्बीण आणून दिली. न मागता. अडतीस वर्षांत न मागता आणलेली ती पहिली वस्तू. राजमतीबाई गच्चीवर जाऊन तिच्यातून पार जोतिबाच्या डोंगरापर्यंत बघून आल्या.

जानेवारीत समाजाचे चिटणीस भरतेश चौगुले स्मरणिकेची कच्ची छपाई घेऊन आले. गेल्या पावसाळ्यात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास कोल्हापुरात झाला होता, त्याची ही स्मरणिका. समाजाचं काहीही छापायचं असलं की तपासायला राजमतीबाईंकडं यायचं, हा रिवाज पडून गेला होता. दुपारी जेवण आटोपून त्या लाल पेन घेऊन ओसरीवर बसल्या. थंडी होती, म्हणून खांद्यावर शाल घेतली.

सत्तेचाळीसाव्या पानावर ‘चातुर्मासात व्रते घेतलेले श्रावक-श्राविका’ अशी यादी होती. त्यात पहिलंच नाव घरचं होतं.

‘श्री. शांतिनाथ व सौ. राजमती मगदूम (सजोडे). दिग्व्रत, आजन्म. पूर्वेस सोलापूर, उत्तरेस पुणे, दक्षिणेस श्रवणबेळगोळ, पश्चिमेस गगनबावडा. शिखरजी यात्रा वगळून.’

दिग्व्रत म्हणजे काय ते राजमतीबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. चारी दिशांना हद्द आखून घ्यायची आणि जन्मभर तिच्यापलीकडं पाऊल टाकायचं नाही, असं ते व्रत. मोठं व्रत. घेणाऱ्याला लोक वाकून नमस्कार करतात. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. आणि गगनबावडा कुठं आहे हे भूगोलाच्या बाईंना कोणी सांगायचं? घाटाच्या तोंडाशी. तिथून रस्ता खाली कोकणात उतरतो. मालवण त्याच्या पलीकडं.

व्रतं दिली गेली ती अनंत चतुर्दशीला. त्या दिवशी नातवाला ताप होता म्हणून त्या घरीच थांबल्या होत्या. संध्याकाळी शांतिनाथ नारळ आणि शाल घेऊन आले होते. शाल त्यांनी राजमतीबाईंच्या खांद्यावर टाकली होती आणि म्हणाले होते, “तुझी बी हाय ही.” पर्युषणात दहा दिवस एकभुक्त राहिल्याचा सत्कार असेल, असं त्यांना वाटलं होतं. तेव्हापासून हिवाळाभर त्या तीच शाल घेत होत्या. सकाळी क्रांतीला फोन लावताना, तीच शाल. आताही खांद्यावर तीच होती.

त्यांनी ती काढली, चार घड्या घातल्या आणि नवऱ्याच्या कपाटात नेऊन ठेवली.

साडेपाचला शांतिनाथ जेवायला बसले. राजमतीबाईंनी ताटाशेजारी पान ठेवलं. त्यांनी चष्मा वर सारून वाचलं, आणि घास हातातच राहिला.

“हे व्हय,” ते म्हणाले. “हे सांगायचंच हुतं तुला.”

“कवा? होडीत बसल्यावर?”

“अगं, सजोडं असली की पहिल्यांदा पुकारत्यात. समदी जोडीनं बसल्याली. मी एकटाच कसा उठू?”

“महाराजांनी विचारलं न्हाय, बायको कुठं हाय म्हणून?”

“विचारलं की. पोराला ताप हाय म्हटलं. मग म्हणाले, त्यांची संमती हाय का?”

“मग?”

शांतिनाथांनी घास ताटात ठेवला. “हाय म्हटलं.”

ऋषभ आणि आदिती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. राजमतीबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “सोलापूर ऋषभच्या सासुरवाडीसाठी. पुणं तुमच्या भावासाठी. श्रवणबेळगोळ दर्शनाला. शिखरजी तर वगळूनच घेतलीय. आणि हिकडं गगनबावडा कशासाठी?”

“महाराज एकेक दिशा विचारत हुते. पश्चिमेला कुठवर म्हणाले. मी म्हटलं, पश्चिमेला आपलं काय हाय? गगनबावडा सांगितलं.”

यापेक्षा ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं राजमतीबाईंना वाटून गेलं. तुझा हट्ट मोडायला मी मुद्दाम घातलं, म्हणाले असते तर निदान त्यांचा हट्ट कोणाच्या तरी डोक्यात होता, असं ठरलं असतं. ऑगस्टपासून या घरात दुसरा विषय नव्हता. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर फेब्रुवारीतल्या चार तारखांभोवती लाल गोल होता. त्या गोलाखालीच बसून हा माणूस रोज जेवत होता, आणि महाराजांनी पश्चिम विचारली तेव्हा त्याला पश्चिमेला काही आठवलं नाही.

“आणि मग ध्यानात आलं तवा?” त्यांनी विचारलं. “चार महिने मी क्रांतीला फोन करतोय तुमच्यासमोर. भांडी घ्याय लावली तिला. तवा तोंड का उघडलं न्हाईसा?”

“म्हटलं, हुतंय कुठं. दरसाल कायतरी निघतंच की. यंदा बी निघंल.”

“दुर्बीण कशाला आणलासा?”

“वाईट वाटत हुतं,” शांतिनाथ म्हणाले, आणि हे त्यांनी खरंच कळवळून म्हटलं. म्हणून तर ते जास्त लागलं. चार महिने हा माणूस त्यांच्या घरात काहीतरी अडचण यायची वाट बघत होता. कोणी आजारी पडावं, कोणी मरावं, काहीही. आणि तोवर दुर्बीण.

“आई, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?” ऋषभ मध्ये पडला. “श्रवणबेळगोळ करूया सगळे. मासे काय, मोबाईलवर बी दिसतात.” आदितीनं त्याच्या कोपराला हात लावला तेव्हा तो गप्प झाला.

राजमतीबाईंना रडू आलं नाही आणि ओरडताही आलं नाही. नवरा पिऊन आला असता, पत्ते खेळून आला असता, तर गल्ली गोळा करता आली असती. हा व्रत घेऊन आला होता. शेजारीपाजारी ऐकतील तर म्हणतील, भाग्याची बाई, काय नवरा मिळालाय! आणि खरी पंचाईत याच्याही पलीकडची होती. राजमतीबाई स्वतः श्रद्धेच्या होत्या. घेतलेला नियम त्यांनी जन्मात मोडला नव्हता, ताप असताना नाही, बाळंतपणात नाही. महाराजांच्या पुढ्यात त्यांचं नाव उच्चारलं गेलं होतं. ते नाव आता व्रतात होतं. गगनबावड्याच्या पुढं पाय टाकायचा तर व्रत मोडायचं, आणि नाही टाकायचा तर तो देवमासा या जन्मात पटांगणातच राहायचा. नवऱ्यानं बायकोला तिच्याच धर्मानं बांधून ठेवलं होतं, आणि गाठ मारताना त्याचं लक्षही नव्हतं.

दोन दिवस त्या घरात वावरल्या, पण कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विठाबाईंनी विचारलंच. विठाबाई गडमुडशिंगीहून रोज सकाळी बसनं येत आणि वीस वर्षं या घरातलं धुणं-भांडं आणि अर्धा स्वयंपाक सांभाळत. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी दोन पातेली घासून पालथी घातली.

“माझ्या नावानं दुसऱ्या कुणी उपास धरला ना वैनी,” त्या म्हणाल्या, “तर मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाईन.”

राजमतीबाई तीन दिवसांनी पहिल्यांदा हसल्या. मग हसू थांबलं, आणि त्या उठून पिशवी भरायला लागल्या.

महाराज चातुर्मास संपवून विहार करत दक्षिणेकडं गेले होते. गडहिंग्लजच्या अलीकडं एका खेड्यातल्या बस्तीत त्यांचा मुक्काम असल्याचं भरतेशकडून कळलं. राजमतीबाई आणि विठाबाई सकाळच्या एसटीनं निघाल्या, फाट्यावर उतरल्या आणि उसाच्या गाड्यांची धूळ खात दीड मैल चालत गेल्या. दुपारी महाराज बस्तीच्या मंडपात बसले होते. राजमतीबाई रीतीप्रमाणं अंतर ठेवून बसल्या, “नमोस्तु महाराज” म्हणाल्या, आणि पुढचं एका दमात सांगून टाकलं. देवमासा सांगताना त्यांची जीभ अडखळली. मोक्षमार्गाला लागलेल्या माणसापुढं सहलीचं गाऱ्हाणं मांडायचं म्हणजे लाज वाटणारच.

महाराज सीमेपलीकडच्या गावचे, त्यांचं मराठी कानडी वळणाचं होतं.

“अव्वा, मी विचारलं होतं त्यांना. संमती आहे का, म्हणून.”

“त्यांनी हाय म्हटलं. मला म्हाईतच नव्हतं, महाराज.”

“मग तुमचं व्रत झालंच नाही. दुसऱ्याच्या तोंडानं कोणाचं व्रत होत नाही. तुमच्यावर काही बंधन नाही. तुम्हाला घ्यायचं असेल तर आज घ्या, समजून. नको असेल तर घेऊ नका. त्यात कमीपणा नाही.”

राजमतीबाईंनी हात जोडले. “आज नको, महाराज.”

“बरं. त्यांचं मात्र झालंय. त्यांनी मनापासून घेतलं असेल नसेल, हात जोडून घेतलंय. आणि खोटं बोलले, त्याचं प्रायश्चित्त वेगळं. त्यांना माझ्याकडं पाठवा.”

परतीच्या एसटीत विठाबाईंनी विचारलं, “मग? सुटली का गाठ?” राजमतीबाईंनी मान हलवली. हलकं वाटायला हवं होतं. पण खिडकीबाहेर बघताना त्यांना सारखं एकच दिसत होतं. महाराज विचारतायत, संमती आहे का, आणि शांतिनाथ क्षणभरही न थांबता ‘हाय’ म्हणतायत. इतक्या सहज, दुकानात गिऱ्हाईकाला म्हणतात तसं. गाठ सुटली होती, पण ती मारणारा हात घरचाच होता, ते काही पुसलं जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सत्तेचाळीसावं पान पुढ्यात घेतलं. ‘व सौ. राजमती’ यावर लाल रेघ मारली. ‘सजोडे’ यावर मारली. नावाखाली उरलेल्या गावांकडं एकदा बघितलं आणि ती तशीच ठेवली.

“बाई, हे कसं काय?” भरतेश चौगुले पान उलटसुलट करत म्हणाले.

“छापलंय ते खरं न्हाय म्हणून.”

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. महाराज काय म्हणाले ते सगळं, प्रायश्चित्तासकट. शांतिनाथांचा चेहरा उतरला. मग त्यांनी तेवढ्यातूनही आपल्या सवयीनं वाट काढायचा प्रयत्न केला.

“म्हणजे मला येता न्हाय यायचं. आणि तू मला सोडून जाणार?”

“मी जातो.”

“एकटी? पाण्यावर? लोक काय म्हणतील? स्मरणिकेत नवऱ्याचं दिग्व्रत, आणि बायको होडीत!”

“लोकास्नी सांगा की, पश्चिमेला आमचं कायतरी हाय म्हणून.”

“माझी जागा रिकामी जाणार मग गाडीत,” शांतिनाथ शेवटी म्हणाले, पुटपुटल्यासारखं.

“न्हाय जाणार. विठाबाई येत्यात.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पिराजीची भाड्याची गाडी दारात आली. शांतिनाथ बस्तीतून दर्शन घेऊन आले आणि कोणी न बोलावता पुढच्या सीटवर बसले. “गगनबावड्यापर्यंत येतो,” ते म्हणाले. “तिथवर चालतंय.” वाटेत ते पिराजीशी उसाबद्दल बोलत राहिले. मागं विठाबाई पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या, नव्या लुगड्यात, कडक.

गगनबावड्याला ते उतरले. खाली कोकण धुरकट दिसत होतं आणि रस्ता वळणं घेत त्यात शिरत होता. राजमतीबाईंनी काच खाली केली, गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली.

“तुला लागंल की,” शांतिनाथ म्हणाले.

“मी जवळनं बघणार हाय. तुम्हीच घ्या. हितनं काय दिसतंय का बघा.”

“चौथ्या दिवशी दुपारी हितंच येऊन थांबतो,” ते म्हणाले. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते दुर्बीण छातीशी धरून उभे होते. आरशात ते बघून पिराजीला वाईट वाटलं. राजमतीबाईंनी आरशात बघितलं नाही.

पहिल्या सकाळी डॉल्फिन दिसले. दुसऱ्या सकाळी तेही नाहीत, फक्त ऊन आणि विठाबाईंच्या उलट्या. तिसऱ्या सकाळी, किनारा पुसट व्हायला लागल्यावर, क्रांतीच्या दिरानं इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. आधी फवारा उडाला. मग, दोनेकशे हातांवर, पाण्यातून काळी ओली पाठ वर आली, येतच राहिली, लांबत राहिली, आणि तिच्या शेवटी एक छोटा वाकडा पर दिसला. त्यानं श्वास सोडला तो आवाज होडीपर्यंत आला. मोठ्या जनावराचा, थकलेला, साधा श्वास.

“आगं बाबौ!” विठाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

“निळा न्हाय, बाई,” क्रांती कुजबुजली. “दुसऱ्या जातीचा हाय, ल्हान.”

राजमतीबाई मोजत होत्या. एक मुलगी, दोन मुली, तीन. पाच मुलींएवढीच पाठ वर होती, बाकीचा पाण्याखाली. शेपटीकडची पोरगी शेजारीच बसली होती आणि तोंडावर हात दाबून रडत होती. पाठ पुन्हा खाली जायला लागली तशी राजमतीबाईंनी चटकन डावीकडं वळून म्हटलं, “अहो, बघितलासा?”

डावीकडं विठाबाई होत्या.

अडतीस वर्षांची सवय होती, दुसरं काय. त्यांनी मान परत वळवली, तोवर पाणी सपाट झालं होतं. शेवटचं बुडणं त्यांचं बघायचं राहिलं. ते राहिलं याचा राग त्यांना आला, आणि तो सगळा राग त्यांनी गगनबावड्यापर्यंत सांभाळून आणला.

चौथ्या दिवशी दुपारी गाडी घाट चढून वर आली तेव्हा शांतिनाथ ठरल्या जागी उभे होते. दुर्बीण गळ्यात होती. बाराच्या एसटीनंच आलेत, चार तास रस्त्याकडं दुर्बीण लावून बसलेत, असं चहावाल्यानं पिराजीला सांगितलं. ते लगबगीनं गाडीपाशी आले, खिडकीवर वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखी उत्सुकता होती, आणि ती खरी होती.

“दिसला?” त्यांनी विचारलं.

विठाबाईंनी तोंड उघडलं होतं. राजमतीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“पश्चिमेला आपलं काय हाय?” त्या म्हणाल्या.

शांतिनाथ तसेच वाकून राहिले. त्यांचे ओठ ‘हं’ म्हणायला हलले, पण या वेळी तो काही बाहेर आला नाही. मग ते पुढं येऊन पिराजीशेजारी बसले, दार लावून घेतलं, आणि गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला लागली.